‘काय टाकू?’ विचारायच्या आधी: सोलापूरच्या कुंडीतलं पाणी, माती आणि ऊन

पान पिवळं पडलं की आपल्याकडे प्रश्न ठरलेला: “काय टाकू ओ?” डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) टाकू, एप्सम सॉल्ट टाकू, चहाचा चोथा टाकू, अंड्याची टरफलं टाकू. आणि उत्तर बहुतेक वेळा असं असतं की काही टाकायचं नाही, काढायचं आहे. कुंडीत साठलेलं मीठ काढायचं, तळाशी तुंबलेलं पाणी काढायचं, नाहीतर झाड पश्चिमेच्या भिंतीजवळून काढायचं.

व्हिडिओ बघून केलेले उपाय इथे फसतात, त्यालाही कारण आहे. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, वर दोन-तीन हजार मिलीमीटर पाऊस. त्या मातीतला चुना दरवर्षी धुऊन जातो, म्हणून तिकडे अंड्याची टरफलं चालतात. सोलापूरला वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलीमीटर, माती काळी आणि चुनखडीची. इथे चुना कमी कधीच पडत नाही. टरफलं कुटून घालणं म्हणजे मिठाच्या बरणीत चिमूटभर मीठ टाकणं.

खात्री हवी असेल तर कुंडीतलं सुकं ढेकूळ बशीत घ्या, फोडा आणि त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं, बशी कानाजवळ नेल्यावर चर्र असा आवाज आला, की मातीत चुनखडी आहे. हे एकदा करून बघा, पुढचं सगळं सोपं जाईल.

पाणी

गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच कुंडीच्या काठावर बसतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हिशोब करू. मे महिन्यात गच्चीवरच्या 12 इंची कुंडीला रोज दीड लिटर पाणी लागतं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 1000 असेल तर लिटरमागे 1 ग्रॅम क्षार. म्हणजे दिवसाला दीड ग्रॅम आणि महिन्याला 45 ग्रॅम. खालून पाणी निथळून जात नसेल तर हे सगळे क्षार कुंडीतच राहतात. वर आपण विचारतो, की पानाची टोकं का करपली?

क्षारांची खूण ओळखायला अवघड नाही. पानाचं टोक आणि कड तपकिरी होते, हाताला कुरकुरीत लागते, मधला भाग मात्र हिरवाच राहतो. सुरुवात जुन्या पानांपासून होते. अरेका पाम, पीस लिली, स्पायडर प्लँट यांच्यावर हे सगळ्यात आधी दिसतं. बुरशी असली तर डाग पानावर कुठेही पडतात आणि बऱ्याचदा भोवती पिवळं कडं असतं. कडा करपल्यावर बुरशीनाशक फवारून पैसे वाया जातात.

कुठलं पाणी घालायचं, तर पहिला मान पावसाच्या पाण्याला, मग एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याला (त्यात क्षार जवळजवळ नसतात), मग महापालिकेच्या नळाच्या पाण्याला, आणि बोअर शेवटी. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ते पिण्या-वापरण्यातच संपतं आणि झाडांच्या वाट्याला बोअर येतं, हे खरंच आहे. तरी एवढं करा: आतल्या नाजूक झाडांना एसीचं किंवा नळाचं द्या, बोअर जास्वंद, बोगनवेल, कोरफड, कण्हेर अशा सोशिक मंडळींना. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. 500 च्या आत असेल तर निर्धास्त घाला, 1000 च्या वर गेलं तर नाजूक झाडांपासून लांब ठेवा.

दोन पाणी मात्र कुंडीत अजिबात नको. एक, आरओ फिल्टरमधून वाया जाणारं. फिल्टरने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच्यातच असतात, ते फरशी पुसायला ठीक. दुसरं, कूलरच्या टाकीत उरलेलं. यात घराघरात चूक होते. कूलर दिवसभर पाणी उडवतो, आपण वरून भर घालतो, आणि आठवड्याने तळाशी उरतं ते मूळच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारं. कूलर धुताना “पाणी वाया कशाला घालवायचं” म्हणून ते तुळशीला जातं, आणि तुळस बसते. वॉटर सॉफ्टनर लावलेल्या सोसायटीतलं पाणीही नको, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेला असतो. भांड्यांना बरा, मातीला वाईट.

साठलेले क्षार काढायची पुस्तकी रीत अशी, की कुंडीतल्या मातीच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतायचं आणि खालून वाहू द्यायचं. 12 इंची कुंडीत साधारण 15 लिटर माती बसते, म्हणजे एका कुंडीला 30 लिटर. सोलापुरात मे महिन्यात कुणी असं केलं तर घरचेच हाकलतील. म्हणून उन्हाळ्यात फक्त वरची इंचभर पांढुरकी माती खरवडून टाका आणि तिथे नवी माती-खत भरा. खरं धुणं पावसावर सोपवा. आपला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. त्या आठवड्यात कुंड्यांखालच्या बशा काढा, सावलीची हिरवी जाळी गुंडाळून बाजूला ठेवा, आणि कुंड्या पागोळ्यांखाली किंवा उघड्या गच्चीवर ठेवा. जोरदार सरींत साठलेलं बरंचसं मीठ निघून जातं. तिथेच पिंप लावून पाणीही साठवा. तोंड मात्र कापडाने बांधा, नाहीतर डासांची पैदास होते.

बोअरशिवाय पर्याय नसेल तर 10 लिटरच्या बादलीत अर्धा छोटा चमचा लिंबूसत्त्व (2 ते 3 ग्रॅम) विरघळवा आणि आठवड्यातून एकदा लिंबू, कडीपत्ता, जास्वंद, मोगरा यांना द्या. पाण्यातले बायकार्बोनेट त्याने मोडतात. खारटपणा जात नाही, पण मातीचा सामू (पीएच) चढत राहण्याला आळा बसतो.

कडीपत्ता

आधी पिवळं पान कुठलं ते बघा. खालची जुनी पानं सगळीच एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे, मूठभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत चालेल. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, तर लोह मिळत नाही. इथे “मिळत नाही” हे शब्द महत्त्वाचे आहेत. लोह मातीत भरपूर असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही. आणि अशा वेळी डीएपी टाकलं तर जादा स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि जस्त आणखी अडवतं. हिरवं व्हायचं सोडून झाड पांढरट होतं.

हिराकस (लोहाचं सल्फेट) थेट मातीत घातला तर चुनखडीत काही दिवसांत निकामी होतो. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं) मागा, आणि त्यातही ईडीडीएचए प्रकारचं. लालसर तपकिरी पावडर असते. ईडीटीए प्रकारचं स्वस्त असतं, पण आपल्या मातीच्या सामूला ते टिकत नाही. दुकानदार “दोन्ही एकच” म्हणतो. एकच नाहीत. ईडीडीएचए 1 ते 2 ग्रॅम एक लिटर पाण्यात, ओल्या मातीत, संध्याकाळी द्या. दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी हिरवी येते. आधीच पिवळी पडलेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका.

आणि ताक? त्यातल्या आंबटपणाचा थोडा उपयोग होतो, पण तो टिकत नाही. घालायचंच तर वाटीभर आंबट ताकात सात-आठ वाट्या पाणी, महिन्यातून एकदा. घट्ट ताक रोज ओतलं तर मुंग्या, चिलटं आणि वास येतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीने कडीपत्ता पानं गाळतो आणि वाढ थांबवतो. तो आजार नाही, तेव्हा खतही देऊ नका. गड्ड्याची यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) उरकून थंडी ओसरू लागली की शेंडे खुडा, मग खत द्या.

माती आणि भेगा

शेतातली काळी माती ज्वारीला सोनं, कुंडीत मात्र त्रास. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. शेतात भेग पडली तरी मुळांना खाली जायला जागा असते. कुंडीत ती आकसून भिंतीपासून सुटते. मग आपण पाणी घालतो, ते कडेच्या फटीतून सरळ भोकातून बाहेर, आणि आपल्याला वाटतं की पोटभर पाणी झालं. मधला गोळा कोरडा ठणठणीत. “रोज पाणी घालते तरी झाड वाळलं” याचं हे एक मोठं कारण.

अशी कुंडी मोठ्या टबमध्ये, अर्ध्या उंचीपर्यंत पाणी येईल अशी, अर्धा तास बसवा. वरची माती ओलसर झाली की काढा, निथळू द्या, आणि कडेची फट काडीने मोकळी करून खतमिश्रित मातीने बुजवा. पुढच्या वेळी कुंडी भरताना एक भाग काळी किंवा पोयट्याची माती, एक भाग बारीक मुरूम वा जाडी वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट घ्या. कोकोपीटची वीट आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळा, कारण तीही बऱ्याचदा खारी असते. साखर कारखान्यातलं प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) आपल्याकडे सहज मिळतं. चांगलं आहे, पण ताजं असेल तर आत गरम होतं, मुळं शिजतात. काही महिने कुजून काळं, भुसभुशीत, बिनवासाचं झालेलंच घ्या. कच्च्या शेणखतातून हुमणी येते, तेही ध्यानात ठेवा. चुलीची किंवा बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख नको. ती अल्कधर्मी असते आणि आपल्या मातीत आधीच अल्काची रेलचेल आहे.

तळाशी खडी घालायची पद्धत सगळीकडे आहे, तिने निचरा वाढत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडकून राहतं. खडीमुळे एवढंच होतं, की ओलं चिखल राहणारं ठिकाण मुळांच्या आणखी जवळ येतं. भोकावर एक खापर पालथं ठेवलं की पुरे. कुंडी मात्र विटांवर उचलून ठेवा, म्हणजे भोक स्लॅबला चिकटून बंद होत नाही.

ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे, आणि गच्चीचा स्लॅब त्याहूनही तापलेला. पान हवेने गार होतं, मुळांना ती सोय नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला पश्चिमेचं ऊन लागलं की त्या बाजूची मुळं मरतात. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेरच्या बाजूला, पश्चिमेला पोतं टांगा, वर 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा. वरून दोन इंच आच्छादन घाला. आपल्या गावात शेंगांची टरफलं किंवा कडब्याची कुट्टी सहज मिळते. टरफलं खारवलेल्या शेंगांची नकोत, हे सांगायला लागतं.

दुपारी तीनला पान मान टाकतं, ते तहानेनेच असं नाही. उन्हात मुळं पाणी ओढतात त्याहून जास्त पानातून उडतं, एवढंच. तेव्हा पाणी ओतू नका, सकाळी सहाला बघा. सकाळी ताठ असेल तर झाड ठीक आहे. सकाळीही मान टाकलेली असेल तर दोन पेरं बोट मातीत घाला. कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली तर मुळं कुजतायत, आणि आता पाणी घालणं म्हणजे बुडत्याला आणखी पाणी पाजणं. झाड कुंडीतून काढा, तपकिरी, लिबलिबीत, वास येणारी मुळं कापा, पांढरी टणक ठेवा, तेवढ्याच प्रमाणात वरचा पाला छाटा, नव्या भुसभुशीत मातीत लावून आठवडाभर सावलीत ठेवा. खत नवी पालवी फुटल्यावरच.

पाइपने पाणी देत असाल तर पहिलं पाणी बादलीत सोडा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी हात भाजेल इतकं तापतं.

जास्वंदीवरचा कापूस

पिठ्या ढेकूण. शेंड्याच्या बेचक्यात आणि कळीच्या देठाशी पांढरा कापूस दिसतो आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा असते. या मुंग्या गोड चिकटा खायला येतात आणि बदल्यात किडीचं रक्षण करतात, पिल्लं दुसऱ्या झाडावर नेऊनही सोडतात. म्हणून मुंग्या थांबवल्याशिवाय फवारणीला अर्थ नाही. कुंडी विटांवर, विटा पाण्याच्या ताटलीत, आणि झाडाची एकही फांदी भिंतीला वा शेजारच्या कुंडीला टेकलेली नको.

जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर नळाच्या जोराने पाण्याचा मारा. मग एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड 2 मिली, ते नीट मिसळल्यावर नीमतेल 5 मिली. क्रम उलटा केला तर तेल वर तरंगतं आणि जिथे पडेल तिथे पान भाजतं. वडीचा साबण किसून घालू नका: बोअरच्या जड पाण्यात तो दह्यासारखा फाटतो आणि पंपाचं तोंड चोंदतं. शक्य तर एसीचं पाणी घ्या. फवारा संध्याकाळी, पानाच्या खालून, आणि आठ दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. एकदा मारून भागत नाही, कारण कापसाच्या पिशवीतली अंडी वाचतात आणि पुढच्या आठवड्यात फुटतात.

एक पांढरी, झिपरी अळी मात्र ओळखून सोडा. पिठ्या ढेकणासारखीच दिसते, पण आकाराने मोठी आणि भराभर चालणारी. ती एका ढालकिड्याची अळी असते आणि पिठ्या ढेकूण खाते.

उन्हाळ्यात पानं राखाडी, धुळकट दिसली आणि मागे बारीक जाळं असेल तर लाल कोळी. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका, ठिपके चालू लागले की तेच. तो कीटक नाही, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाने मरत नाही, उलट त्याला खाणारे मरतात आणि तो वाढतो. दर तीन-चार दिवसांनी पानं खालून धुवा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. पाण्यात मिसळणारं गंधक (2 ग्रॅम लिटरला) चालतं, पण तापमान 35च्या वर असताना मारलं तर पानं करपतात.

थोडक्यात काही

तुळस वाळते त्याला दृष्ट वगैरे कारण नसतं. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर ती बी धरून आयुष्य संपवते. दुसरं, रोजची तांब्याभर धार, भर पावसाळ्यातही. दूध-साखरेचा नैवेद्य मातीत ओतल्याने मुंग्या आणि बुरशी येते. धार पळीभर द्या, दिवा खोडापासून हातभर लांब ठेवा, कुंकू मातीत न टाकता वृंदावनाला लावा.

मोगरा फुलत नसेल तर त्याला सहा तास ऊन आहे का ते आधी बघा, मग जानेवारीत अर्ध्यावर छाटा, आठ-दहा दिवस पाणी तोडा, पानं काढा, आणि मग खत-पाणी सुरू करा.

कुंडीतल्या डाळिंबाची फुलं गळतात त्यातली बरीच नर फुलं असतात, ती गळणारच. नर फूल घंटेसारखं, बुडाशी निमुळतं. फळ धरणारं फूल बुडाशी फुगीर, सुरईसारखं. फळ तडकतं ते पाण्याच्या अनियमिततेने: चार दिवस कोरडं आणि मग बादलीभर. एक विनंती. बागेतली फांदी आणून कलम लावू नका. तेल्या रोग अशाच रोपांतून पसरतो, आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या या जिल्ह्यात तेल्याने काय केलं ते शेतकऱ्याला विचारा. पानावर तेलकट ओलसर डाग दिसले तर ती फांदी कापून जाळा.

मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचं असेल तर कुंड्या उत्तरेच्या सावलीत एकत्र आणा, आणि दोन कुंड्यांच्या मध्ये पाण्याची बादली स्टुलावर थोडी उंच ठेवा. जुन्या सुती पंचाची किंवा चादरीची दोन बोटं रुंद पट्टी फाडून एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून सोडा, दुसरं कुंडीत दोन इंच खोल पुरा. पॉलिस्टर मिसळलेलं कापड पाणी ओढत नाही, म्हणून धागा जाळून बघा: राख झाली तर सुती, गोळी झाली तर दुसरं शोधा. पट्टी आधी पूर्ण भिजवून घ्या, आणि जायच्या आदल्या रात्री लावून ठेवा. सकाळी माती ओली लागली की मग कुलूप घाला.